पोक सूंनी उकळलेलं प्लायवूड

आमच्या नदीतल्या दुयोंग बेटावर पोक सू जुसोह यांच्यासारखा होडीसुतार नाही, हे सगळ्यांच्या आधी ते स्वतःच सांगतात. चाळीस वर्षं चेंगाल लाकडाच्या होड्या बांधल्या, त्याही कागदावर एक रेघ न ओढता, नुसत्या नजरेने. दोन फळ्यांमध्ये गेलम झाडाची साल भरायची. पाण्यात ती फुगते आणि सांधा असा बसतो की थेंब आत येत नाही. माणूस मला भारी आवडतो, पण चेंगालचं कौतुक ऐकून कान किटले आहेत.

गेल्या वर्षी शेजारच्या मोक तेह सलमाहच्या फायबरच्या होडीची, इंजिन अडकवतात ती मागची फळी कुजली. पोक सूंनी तिथे चेंगाल घातलं आणि हाताच्या सवयीने लाकूड नि फायबरच्या मध्ये सालही भरली. साल फुगली. फायबर कुठलं फुगायला! ते फाटलं. यंदा इंजिन सुरू केलं की फळी पडायला आलेल्या दातासारखी हलायची, आणि माकुळ मासळीचा हंगाम दहा दिवसांवर. मोक तेहचं वर्ष त्याच दोन महिन्यांवर निघतं.

"या वेळी होडी पलीकडच्या कारखान्यात नेते," ती म्हणाली.

"बिघडवलं मी, निस्तरणारही मीच."

"पुन्हा साल भरलीत तर तुमचीच सोलीन, पोक सू!"

पोक सूंनी एका चेंगालच्या आणि एका प्लायवूडच्या तुकड्यावर रेझिनने फायबर चिकटवलं. दोन दिवस सुकू दिलं आणि माझ्यासमोर हातोडी मारली. प्लायवूडवरचं निघता निघेना. चेंगालवरचं पापडासारखं अख्खं सुटून आलं. ते त्या तुकड्याकडे बघतच बसले. मला वाईट वाटलं.

"अंगात इतकं तेल," शेवटी ते म्हणाले, "की हे कुणाशी जमवूनच घेत नाही."

"मालकावर गेलंय," आतून त्यांची बायको जैनाब म्हणाली.

पण दुकानदाराच्या शब्दावर प्लायवूड घेतील तर ते पोक सू कसले! तीन दुकानांतून तीन तुकडे आणले आणि जैनाबच्या भाताच्या पातेल्यात उकळत ठेवले.

"अहो, आज जेवायला काय, कपाट?"

"चार तास उकळायचं. ज्याचे थर सुटतील ते बाद."

दोन तुकडे वहीसारखे उलगडले. तिसरा जसाच्या तसा राहिला. त्याच प्लायवूडची फळी झाली. पाणी मुरू नये म्हणून कडा आणि बोल्टची भोकंसुद्धा त्यांनी आतून रेझिनने लिंपली.

हंगामाच्या आदल्या दिवशी सगळे धक्क्यावर जमले. "तुम्ही मागे बसा," मोक तेहने फर्मावलं. "फळी गेली तर तिच्याबरोबर तुम्हीही जा."

तिने इंजिन पूर्ण वेगात सोडलं आणि नदीच्या मुखाला तीन फेऱ्या मारल्या. फळी तसूभर हलली नाही. पोक सू चिंब होऊन उतरले, तेवढ्यात त्यांचा जुना जोडीदार ओरडला, "शाबास! शेवटी चेंगालच ना?"

वरून फायबर, त्यावर रंग. आत काय आहे ते कुणाला दिसत नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मोक तेहही त्यांच्यासाठी गप्प राहिली.

"प्लायवूड," पोक सू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चेंगाल घातलं तेव्हा मी चुकलो होतो."

मोक तेहने होडीचा दोर माझ्याकडे फेकला. "उद्याची पहिली टोपली यांच्या घरी पोचव," ती म्हणाली.