मॅडम थांबतात

दरेकसा स्टेशनच्या ज्या बाकावर नेटवर्क सापडतं, तिथे एक वनमजूर दुपारी मोबाइलवर वायरिंगचा फुकटचा कोर्स शिकत बसतो. वर्गात बसल्यासारखा, चपला काढून. व्हिडिओतल्या मॅडमनी "समझ गए?" विचारलं की हा मोठ्यानं म्हणतो, "समजलं नाही जी."

"अहो, रेकॉर्डिंग आहे ते. त्यांना ऐकू येत नाही," मी एकदा हसून सांगितलं.

"मंग मॅडम थांबून काऊन राहिल्या, भाऊ?"

खरंच, पडद्यावर मॅडम त्याच्याकडे बघत थिजल्या होत्या. नेटवर्क गेलं असेल, मी मनाशी म्हटलं. तो बोटांनी हवेत तारा जोडत राहिला. मग म्हणाला, "आता समजलं जी."

मॅडम पुढे बोलू लागल्या.

मी पायातल्या चपला हळूच काढल्या.