मांडामावशीची मान

भूकंपाने मांडामावशीचं घर पाडलं तेव्हा ती अंगणात डुकरांना खायला घालत होती. धुरळा बसल्यावर तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं, ती उत्तरेची खिडकी एकदाची गेली." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, कारण माझं घर तिच्या शेजारीच होतं. तेही आता 'होतं'मध्येच जमा.

मावशीचं वय चौऱ्याहत्तर. नवरा, जोसो, आरपार वाऱ्याने गेला असं ती सांगते. डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिलं, पण त्या दिवशी दार आणि खिडकी एकदम उघडी होती हे डॉक्टरांना काय माहीत! हसू नका. समोरासमोरच्या दार-खिडकीतून मानेवर येणाऱ्या वाऱ्याला आमच्या कुपा नदीच्या काठावर सगळेच टरकतात. मीही टरकतो, फक्त गावभर सांगत सुटत नाही.

मग राजधानीतून, झाग्रेबहून, विद्यापीठाची पोरं आली. त्यांनी लाकडाचं घर बनवलं होतं, भिंतीत वाळका पेंढा भरलेलं. चार खोके ट्रकवरून आणायचे, दिवसभरात जोडायचे, गरज संपली की उचलून विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला लावायचे. स्वस्त आणि टिकाऊ. नमुन्याचं पहिलं घर चिठ्ठी टाकून मावशीला मिळालं. तो नमुना पास झाला की आम्हा चाळीस कुटुंबांना तशीच घरं मिळणार होती. तोवर आम्ही पत्र्याच्या कंटेनरात. त्याच्या छताला पाणी सुटायचं आणि माझ्या बायकोच्या, नेवेनकाच्या, उशीवर टपकायचं. तिचा खोकला थांबायचं नाव घेत नव्हता आणि आमचा तिथला तिसरा हिवाळा आता दोन-तीन महिन्यांवर आला होता.

नव्या घराची सगळी मिजास म्हणजे समोरासमोरचे दोन झरोके. हवा एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, ओल धरायची सोयच नाही. वेद्राना नावाची विद्यार्थिनी यंत्र घेऊन वारा मोजायला आली. काटा ढिम्म हलेना. ती स्टुलावर चढली. बिचारी मोजायला आली आणि तिला मोजे सापडले. त्यांच्यामागे जोसोची लोकरी टोपी निघाली.

"अहो मावशी, हे काय?"

"मोजे."

"झरोक्यात?"

"मग काय पायात घालू? एवढ्या उकाड्यात?"

"घर श्वास घेतं हो यातून!"

"घेऊ दे की. माझ्या मानेवरून कशाला?"

गुरुवारी तिघांची समिती येणार होती. काटा पंधरा मिनिटं खुणेवर राहिला नाही तर सगळंच बारगळणार होतं. मी मावशीच्या हातापाया पडलो. "मावशी, भूकंपातून वाचलीस, आता झुळकीने मरणार आहेस का?"

"भूकंप सांगून-सवरून येतो रे जुरा, भांडी वाजवत. वारा मागून येतो, चोरासारखा." मग आमच्या कंटेनरकडे बघून म्हणाली, "तासभर काढते मोजे. नेवेनकासाठी हं. तुझं तोंड बघून नाही."

गुरुवारी मावशी गळ्याला रुमाल गुंडाळून नेवेनकाबरोबर अंगणात बसली. आत समितीचे मुख्य, प्राध्यापक लोव्रिच, बोलू लागले. झरोके त्यांच्याच डोक्यातून निघालेले. दार-खिडकी सताड उघडी, काटा झकास वर. तीन मिनिटं गेली आणि त्यांचा हात मानेकडे गेला. "मोकळी हवा हाच या घराचा प्राण आहे," असं म्हणता म्हणता त्यांनी पायाने दार लोटून दिलं. दुसऱ्या सभासदाने खिडकी ओढून घेतली. तिसऱ्याने खिशातला हातरुमाल काढला आणि झरोक्यात कोंबला. काटा खाली आला.

"काहीतरी दोष दिसतोय घरात," लोव्रिच गंभीरपणे म्हणाले.

आणि मी? मी कोपऱ्यात उभा राहून मनात म्हटलं, बरं झालं लावलं दार. माझ्या अकलेची कमाल बघा! शेवटी अंगणात नेवेनका खोकली, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

माझ्याआधी मावशी उठली होती. आत आली, गळ्याचा रुमाल सोडून तिने लोव्रिचांच्या हातात दिला. "बांधा मानेला." दार उघडलं, खिडकी उघडली, हातरुमाल उपसून ज्याचा त्याला दिला. मग खुर्ची घेतली, दोन झरोक्यांच्या बरोबर मध्ये मांडली आणि उघड्या मानेने बसली.

"हं. मोजा आता."

पंधरा मिनिटं ती डोळे मिटून बसली होती. तिच्या लेखी ती मरायलाच बसली होती, हे मला ठाऊक होतं. माझे डोळे भरून आले, आणि ते वाऱ्याने नव्हे.

घरं मंजूर झाली. मावशीची मान मात्र खरोखरच धरली. नऊ दिवस कुणी हाक मारली की ती अख्खीच्या अख्खी वळायची. "बघा! सांगत नव्हते मी?" दुखण्यापेक्षा तिला आनंदच जास्त झाला होता.

आमचं घर ऑक्टोबरात उभं राहिलं. पहिली पाहुणी मावशीच. नव्या घराच्या रिवाजाप्रमाणे पाव आणला, मीठ आणलं आणि ॲप्रनच्या खिशातून स्वतः विणलेला एक करडा मोजा काढला.

"एकच?" नेवेनकाने विचारलं.

"एकच. तुझ्या छातीला वारा हवा, ह्याच्या मानेला नको. एक झरोका तुझा, एक ह्याचा."

मी स्टूल आणलं.