तलाव सुटला त्या सकाळचं शिबिर

अन्याय माझ्या भाचीवर झाला. यंदाच्या मे महिन्यात, दुसऱ्या रविवारी, भर सकाळी, साकोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या समाजमंदिरात. आणि झाला तो ‘अर्थपूर्ण व आनंददायी उन्हाळा’ असं छापलेल्या फ्लेक्सखाली!

आमच्याकडे उन्हाळ्यात तलावाचं पाणी आटलं की मच्छीमार आधी आपली जाळी ओढतात. मोठे मासे निघाले की उरलेला चिखल गावासाठी सुटतो. त्या सकाळी ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं. पोरांना मात्र पाचवी झाल्याशिवाय चिखलात उतरू देत नाहीत. भाचीची पाचवी यंदा झाली. जूनमध्ये ती भंडाऱ्याला वसतिगृहात जाणार, आणि तिथं मे महिन्यातही जादा वर्ग असतात. म्हणजे तिच्या वाट्याला ही एकच सकाळ होती.

तिचे बाबा, म्हणजे माझे भाऊजी, शिबिर समितीचे अध्यक्ष. समितीत सगळे मोठे, पोर एकही नाही. त्यांनी पोरांच्या उन्हाळ्याचं नियोजन केलं : सुंदर हस्ताक्षर, संस्कार, पुन्हा हस्ताक्षर. ‘आनंद’ असाही एक तास होता. पण संस्कारवाले पाहुणे उशिरा आले की आनंद रद्द व्हायचा. ते रोजच उशिरा यायचे.

आणि तलाव सुटायच्या दिवशी काय ठेवलं? ‘ओळख आपल्या तलावाची’. वक्ते नागपूरचे.

"बाबा, मले तलावात जायचं हाय," भाची म्हणाली.

"अवं, तलावच तं दाखवून राहिलो तुले! पडद्यावर. पाय बी नाही भरत."

मी मध्ये पडले, तर माझ्या मोर्चे काढण्यावरच घसरले. म्हणे, "तुमचे मोर्चे भंडाऱ्याले न्या बाई. इथं शिस्त हाय."

पडद्यावर नीट दिसावं म्हणून खिडक्यांना पोती लावली. मीही भाचीशेजारी जाऊन बसले. तलाव समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला लागूनच. वक्ते ‘शांत जलाशय’ म्हणाले आणि बाहेर गलका उठला, "धर, धर, तिकडं गेली!" समितीतले लोक चुळबुळायला लागले. एक उठला मोटर बंद करायला, दुसरा जेवणाचं पाहायला, तिसरा काहीच न सांगता. भाऊजी सगळ्यात शेवटी निघाले, अध्यक्ष ना! आणि पोरं उन्हात जाऊ नयेत म्हणून बाहेरून कडी लावून गेले.

मी दार बडवलं. उघडणार कोण? सगळं गाव चिखलात.

पडद्यावर मरळ आली. भाचीनं हात वर केला. "सर, हे मासोळी कुठं पाहायले भेटते?"

"आता दुर्मीळ होत चालली आहे, बाळा," वक्ते गंभीरपणे म्हणाले.

आभार मानायला भाऊजी परतले. मांडीपर्यंत चिखल, हातात पिशवी, आणि पिशवी हलतेय. "निसर्गावर प्रेम करा," म्हणेपर्यंत आतली मरळ उसळून माइकच्या वायरीत पडली. वक्ते खुर्चीवर चढले. पोरं खो खो हसली. अख्ख्या शिबिरातला आनंद तेवढाच.

भाची हसली नाही. उघड्या दारातून पळाली, मी तिच्यामागे. तलावात माणसांनी तुडवलेला गाळ आणि टोपल्या डोक्यावर घेऊन घरी निघालेलं गाव. तरी ती उतरली. कितीतरी वेळ चाचपडली. साधा झिंगासुद्धा हाती लागला नाही.

संध्याकाळी रस्सा झाला. "खाय ना, तुह्यासाठीच तं आणली," भाऊजी म्हणाले.

"मले खायाची नोहोती, बाबा. धरायची होती."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच शिकवलं. नाही शिकवलं. तिला तेवढं कळतं, समितीला कळत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याही घरी पोरांचा उन्हाळा आखला जात असेल, त्यांना न विचारता. ते कागद बाजूला ठेवा. आज, आत्ता, घरातल्या पोराला विचारा तुला काय करायचंय, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत तोंड उघडू नका. मग ते जे म्हणेल त्यासाठी त्याला एक अख्खी सकाळ द्या.