ढालीखाली पाहणाऱ्या रामटेके मॅडम

प्रा. सुलोचना रामटेके यांची माझी खरी ओळख वर्गात नव्हे, आरमोरीजवळच्या आमच्या गावी, घरामागच्या आंब्यांखाली झाली. मी तेव्हा त्यांच्या प्राणिशास्त्राच्या वर्गात नवाच होतो. आमच्या आंब्यांच्या पानांवर पांढरे ठिपके पसरले होते, फांद्या शेंड्याकडून वाळत होत्या. "एकाचं दुसऱ्याले लागन," असं शेजाऱ्यांनी सांगितल्यावर बाबांनी सगळी झाडं तोडून जाळायचं ठरवलं. झाडं आजोबांच्या हातची. बाबांना जेवण जात नव्हतं.

मी एक डहाळी मॅडमना नेऊन दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, "तोडणार कधी?" मी म्हटलं, "रविवारी." रविवारी सकाळच्या एसटीने मॅडम आमच्या दारात!

करवतवाले आधीच आले होते. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, मला थोडं पाहू द्या."

"पाहा जी बाई. पण झाड त सुकून राह्यलं," बाबा म्हणाले.

मॅडमनी पानावर बोट फिरवलं. पान चिकट नव्हतं, मुंग्याही नव्हत्या. "चिकटा नाही, म्हणजे ही ढालवाली खवले कीड," त्या म्हणाल्या. "पिल्लू असतानाच काय ती चालते. जागा सापडली की सोंड पानात रुतवते. मादीचे तर मग पायही जातात. जन्मभर तिथेच बसून रस पिते आणि अंगावर मेणाची ढाल करते. म्हणून वरून फवारलेलं औषध तिला सहसा लागत नाही."

बाबांचा चेहरा आणखी उतरला. मॅडमनी सुईने एक ढाल उचलली, मग दुसरी, आणि भिंग बाबांच्या हाती दिलं. पहिलीखाली पिवळी, जिवंत कीड होती. दुसरीला बारीक गोल भोक होतं आणि आत नुसती वाळलेली साल.

"हे त मेलेलंच आहे जी!"

"हो. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी बारीक एक गांधीलमाशी असते. तिच्या अळीने हिला आतून खाल्लं. अशी भोकं पुष्कळ आहेत, भाऊ. जालीम औषध मारलं तर आधी तीच मरेल. दाट, वाळक्या फांद्या काढा, पानांवरची धूळ पाण्याने धुऊन टाका. सगळी झाडं वाचतील असं मी सांगत नाही. पण तोडू नका."

बाबांनी करवतवाल्यांना हातानेच थांबवलं. मग आईला म्हणाले, "चहा ठेव वं, करवतवाल्यांलेही दे." तो दिवस आठवला की आजही माझं मन हलकं होतं.

मॅडम वर्षभर येत राहिल्या. विहिरीकडचं झाड गेलं, तेव्हा त्यांनी तेही बाबांना स्पष्ट सांगितलं. बाकीच्यांना स्वच्छ, तांबूस पालवी फुटली. लोकांना बरं वाटावं म्हणून मॅडम कधी वाढवून बोलल्या नाहीत. म्हणूनच त्यांच्या धीराच्या शब्दाला आमच्याकडे मोल आहे.

अहेरीकडची एक गोंडी बोलणारी मुलगी इंग्रजी नावांना घाबरून कॉलेज सोडायला निघाली होती. मॅडमनी तिला समोर बसवून सगळं सोप्या मराठीत शिकवलं, आणि किडींची गोंडी नावं स्वतः तिच्याकडून शिकून घेतली. आज ती अहेरीलाच शिक्षिका आहे.

गेल्या वर्षी मॅडमच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली. ज्या डोळ्यांनी टाचणीच्या टोकाएवढे जीव ओळखले, ते जातात की काय, या भीतीने आम्ही विद्यार्थी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. पट्टी निघाली. मॅडमनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, शर्टाची बटणं वरखाली लावलीस काऊन?" ते ऐकून आम्ही हसलो, आणि हसता हसता रडलो.

परवा मी फोनवर मॅडमना त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त आम्ही विद्यार्थी काढत असलेल्या या गौरवग्रंथाबद्दल सांगितलं. "फार गोड लिहू नकोस," मॅडम म्हणाल्या, "आणि अहेरीला कधी जायचं ते सांग. तिथल्या लिंबांवर काहीतरी आलंय म्हणतात."

मॅडम, गाडी तयार आहे. पंच्याहत्तरी पार करून आपण अशाच शंभरीकडे चला. नजर लख्ख राहो, गुडघे धड राहोत, आणि आमच्या मुलखातल्या झाडांना आपला हात लागत राहो.