थंड पाण्याचा वॉल्व्ह

माझा राग नाकावर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोलशेतच्या एका केमिकल कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होतो, तेव्हा तर अख्खी शिफ्ट मला टरकून असायची, आणि मला ते आवडायचं.

आमचे रिॲक्टर नुकतेच कॉम्प्युटरवर आलेले. काही अडलं तर प्रोग्राम पुरवणारे लोक पुण्याहून टेलिफोनच्या तारेवरून, मोडेममार्फत, आमच्या कॉम्प्युटरात शिरून दुरुस्ती करत. काम झालं की पॅनलवरची किल्ली 'बंद'वर फिरवून काढून घ्यायची, म्हणजे बाहेरून कोणाला काही बदलता येत नसे. त्या खंडेनवमीला मी त्या किल्लीलाच झेंडूचा हार अडकवला. पूजेचा हार आपोआप गळेपर्यंत काढायचा नाही ही आमची रीत, त्यामुळे किल्ली 'चालू'वरच राहिली.

चार दिवसांनी, भर दुपारी, दोन नंबरच्या रिॲक्टरचं थंड पाणी बंद झालं. प्रेशर चढलं, सेफ्टी डिस्क फुटली आणि उकळतं रसायन छपरापर्यंत उडालं. खाली उभ्या असलेल्या फिटरची पाठ सोलून निघाली. त्याच्या किंकाळ्या ऐकतच मी कंट्रोल रूममध्ये घुसलो आणि ऑपरेटरच्या कानाखाली सणसणीत वाजवली.

"साहेब, मी हात नाय लावलेला!"

मी दुसरी ठेवून दिली. मागून आलेल्या कामगारांनी त्याला लाथांनी तुडवला. मी अडवलं नाही. खरं सांगतो, बघून मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात स्क्रीनवर एक नंबरचं पाणी बंद होऊ लागलं. ऑपरेटर जमिनीवर रक्तात पडलेला, कीबोर्डपाशी कोणीच नाही. मोडेमचा दिवा मात्र लुकलुकत होता. मी टेलिफोनची तार भिंतीतून उपटली, हार ओरबाडून किल्ली फिरवली आणि धावत जाऊन वॉल्व्ह हाताने उघडला. एक नंबर वाचला. पुरवठादाराने हाकललेल्या एका माणसाने घरबसल्या सूड उगवला होता, हे पोलिसांनी नंतर शोधलं.

फिटर जगला. रविवारी मी ऑपरेटरच्या घरी गेलो. तो कोळीवाड्यात ओट्यावर जाळं विणत बसला होता. मी मागून जाऊन त्याच्या डाव्या बाजूला बसलो आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. किल्ली माझी चूक, तुला मारलं ती त्याहून मोठी चूक, माफ कर. त्याने मान वर केली नाही. मला पुन्हा राग येऊ लागला.

त्याची आई दारात आली. "त्या कानान त्याला आयकू येत नाय. म्होरं जाऊन बोल."

मी उठून त्याच्या समोर गेलो. मला पाहताच त्याने जाळं टाकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.