उन्हातली हजेरी

नायलॉनचं पातळ मी तिला विकलं नाही. दुकानात चार होती. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची मला सवय नव्हती. सात वर्षं डोक्यावर गठुडं घेऊन कडेगावपासून फलटणपर्यंतची गावं मी पायाखाली घातली, तेव्हा कुठं सांगलीच्या पेठेत गाळा झाला. माल आहे तर विकायचा, हा माझा धर्म. पण त्या दिवशी मी पातळाची घडी तिच्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाले, "तुला नाही देणार."

ती एका तमाशाच्या फडातली मुख्य गाणारीण. चाळिशी ओलांडलेली. दर चैत्रात, जत्रा सुरू व्हायच्या आधी, माझ्याकडून एक इरकली लुगडं घ्यायची आणि त्यासाठी दुपारभर माझ्याशी भांडायची. माझ्या तोडीची घासाघीस करणारं तेवढं एकच गिऱ्हाईक होतं. त्या दिवशी मात्र ती भांडली नाही.

"द्या वं अक्का. अंगातलं दिसतंय असलंच पायजे."

"कुणाला पायजे?"

"मालकाला. नवी पोरगी आणलीया त्यानं. सिनेमाच्या गाण्यावर नाचती, पातळ नायलॉनमधी. शिट्ट्याच शिट्ट्या. मला म्हनला, ह्या जत्रंची हजेरी तुझी शेवटची. मानसं बसली तर बसली, न्हाईतर मागं झील धरायला उभी ऱ्हा."

वीस वर्षं ज्या फडात ती पुढे बसून गायली, त्याच फडात आता मागे उभं राहून इतरांच्या गाण्याला साथीचा सूर धरायचा. ते सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, लुगड्यांच्या थप्पीकडे पाहिलं.

माझा स्वतःचाही हिशेब होताच. हाच फडमालक बारा वर्षं माझ्याकडून कापड नेत होता. त्या वर्षी त्यानं नायलॉन दुसरीकडून उचललं आणि भरल्या दुकानात मला सुनावलं, "बाई, झाकलेलं बघाया आता कोण येतंय? तुजी लुगडी न्ये परत गठुड्यात." गिऱ्हाइकं हसली होती. मी रागानं मोजपट्टी फेकून मारली, ती त्याला लागली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

"उन्हात नायलॉन नेसशील?" मी तिला विचारलं. "अगं, आतल्या परकराची नाडीसुद्धा दिसते. दिसलं की संपलं. मग काय दाखवशील?"

मी काळं इरकल काढलं, लाल काठाचं. तिनं ते हातावर घेतलं, काठ उलटून पाहिला आणि म्हणाली, "सांगा किंमत." मी सांगितली. "लय झाली," ती म्हणाली. तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पुढचा तासभर आम्ही नेहमीसारख्या भांडलो.

कडेगावच्या बाजूला एका गावची ती जत्रा. आमच्या भागातली रीत अशी, की आदल्या रात्री तमाशा झाला की दुसऱ्या सकाळी फडानं गावापुढे पुन्हा उभं राहायचं. त्याला हजेरी म्हणतात. बत्त्या नाहीत, पडदा नाही, डोक्यावर चैत्राचं ऊन. पुढे गावचे पंच बसतात आणि हजेरी मनासारखी झाली तर पुढच्या वर्षीच्या आमंत्रणाचा नारळ तिथंच देतात. हजेरीनंतर कुस्त्या. त्यामुळे तमाशा आवडला नाही तर गडी निम्म्यातून उठतात आणि मैदानाची वाट धरतात. तिथं भीडभाड नाही.

मी एका घराच्या धाब्यावर बायकांत बसले होते. बायका हजेरी अशाच बघायच्या, वरून, पदर कपाळावर ओढून.

मालकानं आधी नव्या पोरीला नाचायला पुढे काढलं. शिट्ट्या झाल्या. पोरगी मन लावून नाचत होती, तिच्यात खोट नव्हती. पण उन्हानं सगळं उघडं केलं. परकराला घातलेला टाका, पाठीवरचा घाम, पायाला चिकटलेलं पातळ. जे होतं ते पहिल्याच नजरेत दिसलं, दुसऱ्या नजरेला काम उरलं नाही. मी तिच्याकडे कमी आणि गड्यांकडे जास्त बघत होते. ते तिच्याकडे बघत नव्हतेच. एकमेकांकडे बघत होते, कोपरानं ढोसत होते, हसत होते. दुसऱ्या गाण्याला बोलणं जोडीच्या पैलवानांवर गेलं. तिसऱ्याला मागची रांग धोतर झटकत उठली.

मग ती आली. काळं इरकल, खणाची चोळी, डोक्यावर पदर. आली आणि खाली बसली. पाय पोटाशी घेऊन काठाखाली झाकले.

"आगं हुबी ऱ्हा!" मालक बाजूनं ओरडला. "मानसं चालली!"

तिनं तिकडे मान वळवली नाही. गाणं होतं सुट्टीवर आलेल्या शिपायाच्या बायकोचं. नवरा वर्षानं घरी आलाय, सोप्यात बापाशेजारी बसलाय, घर माणसांनी भरलंय, दिवस काही मावळत नाही. तिला त्याच्याशी एक शब्द बोलता येत नाही. तेवढ्यात तो पाणी मागतो.

तिनं रिकाम्या हातांनी तांब्या पुढे केला. समोरून कुणीतरी तो घेतला, असं आम्हा सगळ्यांना दिसलं. आणि हात मागे घ्यायला तिनं किंचित उशीर केला. बस, एवढंच.

गर्दीतला आवाज गेला. कुणी कुणाला ढोसलं नाही. जो तो आपल्या आपल्या घरी गेला होता, आपल्या सोप्यात. लढाई होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि त्या गावात घरटी एक माणूस पलटणीत होता. माझ्या शेजारच्या तरण्या बाईचा नवरा परवाच सुट्टीवर आला होता. तिनं पदर तोंडात कोंबला. तिची सासू खालच्या आवाजात म्हणाली, "लाजतीस काय? आमीबी दिलाय तांब्या."

पंचांत एक निवृत्त सुभेदार होता, पांढऱ्या मिशांचा. तो हात वर करून म्हणाला, "बाई, परत एकदा पानी द्या."

तिनं दिलं. या वेळी रागानं, वर्षभर पत्र नाही म्हणून. तांब्या आदळलाच जवळजवळ. लोक हसले, मोकळं हसले.

"अजून एकदा!"

तिसऱ्यांदा तिनं हात हलवलाच नाही. नुसते डोळे उचलले, सासऱ्याच्या बाजूला बघून घेतलं आणि मग सोप्याकडे. मैदानावर कुस्त्यांची हलगी वाजायला लागली होती. चांगली कडकडून वाजत होती. एकही गडी उठला नाही. मघाशी गेलेले परत येऊन उन्हात उभे होते.

सुभेदार नारळ घेऊन उठला. मालकानं हात पुढे केले. सुभेदार त्याच्या पुढून निघून गेला आणि नारळ तिच्या ओटीत घातला. "म्होरल्या वर्साला ह्या बाई बसून गानार असतील, तर या. न्हाईतर येऊ नगा."

"व्हय, व्हय, सुभेदार. त्याच पुढं बसनार की," मालक म्हणाला. धाब्यावर मी उभी राहून इतक्या जोरानं टाळी वाजवली की बायकांनी मला खाली बसवलं.

आठवड्यानं मालक दुकानात आला. मी आधी दोन गिऱ्हाइकं करून घेतली. एकाला नुसता दोरा हवा होता.

"सा लुगडी द्या, इरकली. हिशोब नेहमीचा," तो म्हणाला.

"तिला घेऊन या. निवड तिची."

तो चरफडत गेला आणि दुपारी तिला घेऊन आला. ती बैठकीवर ऐसपैस बसली, पहिलंच लुगडं बाजूला सारलं, "काठ हलकाय," म्हणाली. नंतर किमतीवरून आम्ही असं भांडलो की शेजारच्या दुकानातली माणसं बघायला आली. तिला नको झालेली लुगडी दोन्ही हातांवर घेऊन मालक मध्ये उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.