होडीला फुटलेला लोणा

ए गो, फोन जरा कानाजवळ धर. लांबून माझं बोलणं कुणाच्या कानात शिरत नाही, आणि तू तर माझ्या भावाची लेक, तुझे कान जन्मापासून दुसरीकडे. फायबरची होडी घेतलीत, चांगलं केलंत. पण ती पेणच्या खाडीवर भर उन्हात उघडी टाकलीत, आणि आता फोनवर विचारतेस, "आत्ये, होडीला लोणा फुटला, तारेच्या घासणीनं काढू काय?" हात मोडून ठेवीन हो तुझे. घासणी खाली ठेव आणि आधी ऐक.

खाडीकाठच्या भिंतींतून मीठ वर येतं, त्याची पांढरी भुकटी होते, तो लोणा. आपल्या माणसांना पांढरं काही दिसलं की मीठच दिसतं. तुझे आजोबा मिठागरात राबले, मीही परकरात असताना मीठ ओढलंय. त्यामुळे तू चुकलीस त्याचं नवल नाही. मीही तिथेच चुकले होते, आणि त्यापायी अख्खा उन्हाळा माझे हात भरून आले होते.

लग्न होऊन मी रोह्याच्या खाली, खाडीकाठाला आले. आमच्या ह्यांच्याकडे तर होती, म्हणजे होडीतून माणसं ह्या काठावरून त्या काठावर न्यायची. लाकडी होडी किडीनं पोखरून संपली तेव्हा ह्यांनी फायबरची आणली. आमच्या काठावरची ती पहिलीच. बाहेरून निळी, आत बसायच्या फळ्याही निळ्या, अंड्याच्या कवचासारखी गुळगुळीत. हे म्हणाले, "आता हिचं काय करायला नको. ना डांबर, ना तेल." मला केवढं बरं वाटलं! लाकडी होडीला माशाचं तेल चोळून चोळून माझ्या बोटांचा वास जन्मात जायचा नाही अशी दशा होती.

काही उन्हाळे गेले. निळा रंग फिका पडला, मग राखेसारखा झाला. फळीवरून हात फिरवला की तळवा पांढरा. धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी माणसं ह्या काठाला बसायची आणि पलीकडे उठायची तेव्हा सगळ्यांच्या पॅन्टी मागून पांढऱ्या. त्यांच्यात एक जण कंपनीत केमिकलच्या टाक्यांवर होता, तोंडाचा फाटका. उतरताना रोज म्हणायचा, "मामा, भाडं घेता ते घेता, वर बुडाला पावडर पण लावता!" सगळी होडी हसायची. हे हसायचे नाहीत.

काठावर सगळ्यांचं एकच, लोणा फुटला. लोण्याला उतारा गोड्या पाण्याचा. मी विहिरीवरून हंडे आणायचे आणि होडी धुवायची. ओली असेपर्यंत निळी दिसायची, वाटायचं, जमलं. वाळली की पुन्हा पांढरीफटक. विहीर तळाला गेलेली, आणि मी होडीला आंघोळी घालतेय. भाकरी थापता थापता हात परातीतच थांबून राहायचे, उचलावेसे वाटायचे नाहीत.

मग ह्यांना जुनी सवय आठवली. लाकडाला चालतं ते हिला का चालू नये, म्हणून माशाचं तेल काढलं आणि होडी आतून-बाहेरून चोळून टाकली. काय चमकली म्हणून सांगू! पण थोड्याच दिवसांत त्या तेलात धूळ बसली, भुकटी बसली, आणि सगळ्याचा मिळून चिकट राप तयार झाला. टाकीवाला पुन्हा चालू. "मामा, बसमध्ये माझ्या बाजूला कोण बसंना. कंडक्टर म्हणतो, म्हावरा घेऊन चढलास काय?"

हसण्यावारी जात होतं तोवर ठीक होतं. त्या वैशाखात आमच्या आळीतल्या मुलीचं लग्न ठरलं, सासर पलीकडच्या काठाला. तिची आई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"वयनी, राग मानू नको. पोरीच्या अंगावर शालू असणार. मागून पांढरी झालेली नवरी सासरी धाडू काय मी? आमी खाडीच्या वरच्या अंगाची होडी सांगतो."

"सांगा की. पण लग्नाला अजून वेळ हाय, तोवर होडी साफ करते. आधी एकदा येऊन फळीवर हात फिरव, मग सांग."

"बघीन," म्हणाली आणि गेली.

नवरी ज्या होडीत बसते ती होडी गावाची, असं आमच्यात चालतं. नवरी वरच्या होडीत बसली असती तर शिफ्टवालेही दुसऱ्या दिवशी तिकडेच गेले असते. ह्यांना दुसरं काम येत नव्हतं. ते ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी होडीपाशी गेले. फळीच्या खालच्या अंगाला तेल लागलं नव्हतं, तिथली कोरडी भुकटी बोटावर घेतली आणि जिभेला लावली. तू असलं काही करू नकोस. पण मिठागरात वाढलेल्या बाईला जीभ फसवत नाही. खारट नव्हतं. खडूसारखं, बेचव. म्हणजे मी इतके दिवस जे मीठ समजून धूत होते ते मीठ नव्हतंच.

टाकीवाल्याला विचारलं तर तो चक्क सरळ बोलला. "काकी, तो रंगच हाय. कंपनीतल्या फायबरच्या टाक्या पण उन्हात अशाच पांढऱ्या पडतात. वरची साल ऊन खातं. मेलेली साल काढायची, खालची चांगली असते. वॉटर पेपरनं काढतात."

वॉटर पेपर, म्हणजे भिजवून घासायचा पॉलिश कागद, म्हटल्यावर मला तुझी आई आठवली. पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासून गुळगुळीत करायचं काम तिचं. निरोप धाडला, तशी कागदांची गुंडाळी पिशवीत घालून आली.

आधी साबणाच्या पाण्यानं ते तेल काढलं. त्यातच जीव गेला. मग होडी चिंचेच्या सावलीत ओढली, कारण तापलेल्या फायबरवर काहीच नीट बसत नाही. बारीक कागद पाण्यात भिजवायचा, हातभर जागा घ्यायची, घासायची, पुसून बघायची, मग पुढची. दुधासारखं पाणी ओघळायचं. मी जोर लावला की तुझी आई माझं मनगट धरायची. "ताई, भांडी नाय घासत आपण."

ह्यांना धीर कुठला! नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, कोपऱ्यावर असा जोर काढला की निळी साल संपून आतले धागे दिसायला लागले. ती साल फार पातळ असते गो, आणि कडेला तर त्याहून पातळ. तुझी आई म्हणाली, "भावोजी, गणपतीचं नाक असतं तर गेलं की हो!" हे कागद टाकून उठले आणि खाडीकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्या जागेवर मागाहून ठिगळ लावून घ्यावं लागलं.

घासून झाल्यावर होडी एकसारखी मंद दिसत होती, मला रडूच आलं. पण रोह्याला गाड्यांना रंग मारणाऱ्याकडून रबिंग, म्हणजे चोळून चकाकी आणायचा लगदा, आणि मेणाचं पॉलिश आणलं होतं. रबिंग फडक्यानं गोल गोल चोळलं तसा निळा रंग वर आला. त्यावर मेण. मेण वाळू द्यायचं आणि मऊ फडक्यानं पुसायचं. पाणी शिंपडलं तर थेंब अळवावरच्यासारखे पळायला लागले. तेव्हा मला आनंद झाला असेल, पण आठवतंय ते एवढंच की मी चिंचेखाली बसल्या जागी झोपले.

नवरीची आई आली, फळीवर तळहात दाबून फिरवला, उलटा करून बघितला. "बरं," म्हणाली. एवढंच.

लग्नाच्या दिवशी नवरी आमच्याच होडीत बसली. पलीकडे उठली तेव्हा आईनं सवयीनं शालू मागून झटकायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. झटकायला काही नव्हतं. ह्यांनी ते बघितलं आणि वल्हं हातात घेतलं.

पण हे एकदा करून सुटत नाही, हे तुला सांगायला हवं. पावसाच्या आधी मेण, पाऊस सरला की मेण. फेरी झाली की गोड्या पाण्यानं धुवायची, वर ताडपत्री घालायची, ती अंगाला चिकटू द्यायची नाही, वारा खेळला पाहिजे. असं मेण राहिलं तर साल मरत नाही, कागद घ्यायची पाळी येत नाही. मी हे किती वर्षं केलं, माझे खांदेच जाणोत. पुढे पूल झाला, आमची तर बंद पडली, हे गेले. होडी विकली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट नंतर वाटलं.

तुझी आई असती तर तिनं तुला शिकवलं असतं. आता मीच उरले. हातात जोर राहिला नाही, पण ह्या कामाला जोर नकोच असतो. हलका हात म्हणजे किती हलका, ते फोनवर सांगता येत नाही आणि लिहून तर नाहीच. फायबरचा एखादा जुना तुकडा घेऊन ये, निडी स्टेशनला उतर, तिथून रिक्षा मिळते. पाऊस लागायच्या आत ये गो, लवकर ये.